स्पिनिंग रॉड घेताना पॉवर आणि अ‍ॅक्शनची गल्लत: या चुका टाळा

कोकणातल्या खाडीत जिताडा लागतो, पाण्याबाहेर उसळी घेतो, डोकं झटकतो आणि ल्युअर (नकली आमिष) मोकळाच परत येतो. असं दोन-तीनदा झालं की माणूस गळ बदलतो, लीडर (ल्युअरपाशी जोडलेला दोऱ्याचा वेगळा तुकडा) बदलतो, ल्युअरचा रंगही बदलतो. रॉड मात्र तोच राहतो. एक तर तो महागाचा असतो, शिवाय त्यावर ‘मीडियम हेवी, फास्ट’ असं काहीतरी भारदस्त छापलेलं असतं. बऱ्याचदा गडबड त्या छापलेल्या शब्दांचा अर्थ लावण्यातच झालेली असते.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो; लाईट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी अशी ती चढत जाते. अ‍ॅक्शन म्हणजे जोर लागल्यावर तो कुठून वाकतो. फास्ट रॉडचा बाक टोकाकडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागात पडतो, मॉडरेटचा मध्यापर्यंत उतरतो आणि स्लो रॉड जवळजवळ मुठीपर्यंत वाकतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि रॉड घेताना दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात.

‘फास्ट म्हणजे कडक’ असं धरून चालणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दुकानात रॉड हातात घ्यायचा, दोनदा हवेत हलवायचा, शेंडा थरथरला की ‘मऊ आहे’ म्हणायचं आणि नाही थरथरला की ‘फास्ट आहे’. पण लाईट पॉवरचा रॉडही फास्ट असतो: पाच-सात ग्रॅमचं जिग (वजनदार धातूचं आमिष) टाकणारा, शेंड्यापाशी वाकणारा आणि खालच्या अंगाला ताठ. उलट हेवी रॉड मॉडरेट असू शकतो. होडीमागे ल्युअर ओढत नेण्यासाठी वापरतात ते रॉड पुष्कळदा तसेच असतात. भरपूर ताकदीचे, पण बाक खोलवर जाणारे.

रॉडचं स्वतःचं वजन किंवा जाडी यावरूनही पॉवर ठरत नाही. फायबर ग्लासचा जाड, वजनदार रॉड मीडियम असू शकतो आणि कार्बनचा बोटाएवढा बारीक रॉड हेवी.

दोन कंपन्यांचे ‘मीडियम’ एकच समजणं

पॉवर आणि अ‍ॅक्शनसाठी सगळ्या कंपन्यांनी मानलेलं असं एकच मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मालिकेतल्या रॉडांची एकमेकांशी तुलना करून हे शब्द देते. त्यातही रॉड कशासाठी बनवलाय त्यावर सगळं फिरतं. गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी बनवलेला अमेरिकी मीडियम रॉड साधारण ७ ते १८ ग्रॅमचे ल्युअर फेकतो. किनाऱ्यावरून लांब फेकायचा सर्फ रॉडही मीडियमच म्हणवतो आणि त्याला ५०-६० ग्रॅम सहज चालतात. ऑनलाईन घेताना फोटोखालचा ‘मीडियम’ तेवढा वाचणारे इथेच फसतात.

म्हणून आधी ग्रॅम बघा, शब्द नंतर. मुठीच्या वर ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ दांडीवर, ल्युअरचं वजन आणि दोऱ्याची ताकद छापलेली असते. अमेरिकी रॉडवर वजन औंसात असतं: पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा औंस १४, पाऊण औंस २१ आणि एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या थोडं वर. जपानी रॉडवर सरळ ग्रॅम असतात आणि दोऱ्यासाठी पीई क्रमांक. हा क्रमांक दोऱ्याची जाडी सांगतो. ताकद मात्र त्याच क्रमांकात ब्रँडनुसार कमीजास्त होते. जिथे ग्रॅम छापलेलेच नाहीत, नुसतं ‘स्ट्राँग’ लिहिलंय, असा रॉड मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही.

या वजनाच्या हिशोबात एक गोष्ट हमखास सुटते. जिगहेडवर (वजन ओतलेल्या गळावर) १४ ग्रॅम लिहिलेलं असतं, पण त्यावर चार इंचाचा रबरी मासा चढवला की फेकायचं वजन वीसच्या पुढे जाऊ शकतं. १८ ग्रॅमची मर्यादा असलेल्या रॉडने तेच पूर्ण जोर लावून फेकत राहिलं की एक दिवस शेंडा जातो. मर्यादेच्या मधल्या आणि थोड्या वरच्या पट्ट्यात रॉड सगळ्यात छान फेकतो, ठरवताना तोच पट्टा धरावा.

माशाच्या नावावरून रॉड निवडणं

‘जिताड्यासाठी कुठला रॉड?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण ल्युअर आणि जागा बदलली की उत्तर बदलतं.

मोकळ्या खाडीत किंवा जेटीच्या कडेला तीन पाकळ्यांचे बारीक गळ लावलेला मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा) ल्युअर ओढताय, असं धरा. हे गळ खोल रुततात असं नाही, पुष्कळदा कातडीच्या कडेला अडकलेले असतात. ब्रेडचा (विणलेला) दोरा जवळजवळ ताणतच नाही. त्यात रॉड हेवी आणि एक्स्ट्रा फास्ट (फक्त शेंड्यापाशी वाकणारा) असेल तर माशाने डोकं झटकल्यावर तो झटका कुठेच जिरत नाही आणि गळ भोक मोठं करून निघून येतो. इथे मीडियम पॉवर आणि मॉडरेट व फास्टच्या मधली मॉडरेट फास्ट अ‍ॅक्शन बरी: रॉड माशाबरोबर वाकतो आणि दोरा सैल पडू देत नाही. नवा रॉड लगेच घेणं शक्य नसेल तर ड्रॅग (मासा ओढू लागल्यावर दोरा सुटू देणारा रिळाचा ब्रेक) थोडा सैल करा, नायलॉनचा लीडर जरा लांब ठेवा आणि मासा उसळताना रॉड पाण्याच्या जवळ खाली न्या. यानेही बराच फरक पडतो.

आता तोच जिताडा तिवरांच्या मुळांत दबा धरून आहे आणि ल्युअर एका मोठ्या गळाचा रबरी मासा आहे. जाड गळ आत रुतवायला झटपट ताकद लागते, आणि लागलेला मासा मुळांत शिरायच्या आत वळवायचा असतो. इथे मीडियम हेवी आणि फास्टच हवा. तांबोशी आणि हेकरू तर लागल्याबरोबर खडपात घुसतात, तिथे रॉडच्या खालच्या अर्ध्या भागात जीव नसेल तर पहिल्या काही सेकंदांतच मासा गेला.

मरळीचं गणित आणखी वेगळं. शेवाळ आणि कमळवेलींनी भरलेल्या तळ्यात रबरी बेडूक १० ते १५ ग्रॅमचा असतो, म्हणून लोक वजन बघून मीडियम रॉड घेतात. बेडूक फेकला जातो छान. पण मरळीने धरल्यावर त्याचं पोट दाबून दोन्ही गळ बाहेर काढायचे, तिच्या हाडाळ तोंडात रुतवायचे आणि मग तिला शेवाळाच्या गठ्ठ्यासकट ओढायचं, हे सगळं त्या रॉडला झेपत नाही. छापलेलं वजन फेकण्यापुरतं असतं. माशाला कुठून ओढून काढायचंय हे त्यात कुठेच धरलेलं नसतं. बेडकासाठी मीडियम हेवी किंवा हेवी, फास्ट रॉड आणि जाड ब्रेडच लागतो. मात्र त्या रॉडची खालची मर्यादा बेडकाच्या वजनाइतकी उतरते का, एवढं तपासून घ्या.

दुकानात चुकीची परीक्षा

शेंडा बोटांत धरून वाकवणं किंवा छताला टेकवून दाबणं बंद करा. चांगला कार्बन रॉडही अशाने मोडतो, कारण शेंड्याचा काही इंचांचा भाग एवढा तीव्र बाक सहन करायला बनवलेलाच नसतो. दुकानदार तयार असेल तर रीळ लावून दोरा सगळ्या गाईडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवा, अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधा आणि रॉड साधारण ४५ अंशांवर ठेवून सावकाश उचला. रॉड अगदी हलका असेल तर बाटलीत पाणी कमी घ्या. दोन रॉड शेजारी शेजारी, तीच बाटली. कोण जास्त वाकतो यावरून पॉवर कळते, बाक कुठे सुरू होतो यावरून अ‍ॅक्शन.

हातातले रॉड नीट मोजायचे असतील तर अमेरिकेतल्या विल्यम हॅनमन यांनी मांडलेली ‘कॉमन सेंट्स’ पद्धत घरीही करता येते. मूठ आडवी घट्ट बसवायची, शेंड्याला पिशवी टांगायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तीत नाणी टाकत जायची. १९८२ नंतरचा अमेरिकी सेंट अडीच ग्रॅमचा, म्हणून नाणी मोजली की वजन मिळतं. आपण पिशवीत पाणी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं तरी चालतं. सात फुटी रॉडसाठी शेंडा २८ इंच खाली यायला हवा. त्यासाठी लागलेलं वजन वहीत लिहून ठेवलं की कुठल्याही दोन कंपन्यांचे रॉड खरोखर शेजारी ठेवता येतात.

रॉड मोडला की कंपनीला दोष देणं

कधी कधी तो दोष खरा असतो. पण मासा पायापाशी आल्यावर रॉड खांद्यामागे नेला की बाक सगळा शेंड्यावर येतो आणि फास्ट रॉड तिथेच तुटतो. जेटीवरून दोन किलोचा मासा रॉडने वर उचलणंही तसंच. त्यासाठी दोरीची जाळी न्या.

दोऱ्याचीही एक भानगड आहे. अमेरिकी रॉडवर ‘८–१७ पाउंड’ लिहिलेलं असतं ते बहुतेक नायलॉन दोरा धरून. त्यावर ३० पाउंडी ब्रेड चालेल, पण ड्रॅग ब्रेडच्या ताकदीवर कसू नका, नाहीतर दोऱ्याआधी रॉड तुटेल. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात, आणि इथे ती ताकद रॉडवर छापलेली धरायची. १७ पाउंड म्हणजे पावणेआठ किलो, तेव्हा ड्रॅग दोन ते अडीच किलो. बॅगा तोलायच्या काट्याने तो मोजता येतो.

फेक अपुरी पडत असेल तर ल्युअर बहुधा रॉडच्या खालच्या मर्यादेपेक्षा हलका आहे, रॉड वाकतच नाही. मासा टोचतोय हे कळतं पण गळ बसत नाही, आणि गळ मोठा एकेरी आहे: रॉड फार मऊ किंवा फार मॉडरेट. बारीक तिहेरी गळांवरून मासे सुटतात: रॉड फार ताठ किंवा ड्रॅग फार कसलेला.

खाडीसाठी एकच रॉड परवडणार असेल तर सात ते साडेसात फुटी, मीडियम, १० ते ३० ग्रॅमचा, मॉडरेट फास्ट किंवा फास्ट घ्या आणि पीई १.५ च्या आसपासचा दोरा भरा. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक घेऊ नका, त्याच्या प्रत्येक सांध्यापाशी बाक अडतो आणि छापलेल्या अ‍ॅक्शनला फारसा अर्थ उरत नाही. मिनो, रबरी मासा, छोटं जिग, सगळं या एका रॉडवर होईल. शेवाळातल्या बेडकासाठी आणि खडकावरून ५० ग्रॅमचा पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारा ल्युअर) फेकण्यासाठी मात्र तो वापरू नका.