शेजाऱ्याचं वाढीव बांधकाम हद्दीला भिडलंय? या चुका टाळा

सांगलीचं विश्रामबाग असो की साताऱ्याची शाहूपुरी, जुन्या प्लॉटवर घर वाढवायला काढलं की आधी गिळलं जातं ते बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे भिंत आणि हद्द यांच्यामध्ये नियमाने मोकळी सोडायची जागा.

सगळ्यात महागात पडतं ते गप्प बसणं. 'रोज तोंड बघायचंय, कशाला वाईटपणा' म्हणत माणसं स्लॅब पडेपर्यंत थांबतात. डोळ्यांदेखत उभं राहू दिलेलं बांधकाम पाडायचा हुकूम कोर्ट सहसा सहजी देत नाही. पाया खोदतानाच बोला. तेव्हा बदल करणं शेजाऱ्यालाही परवडतं आणि संबंधही टिकतात.

दुसरी चूक अर्जातली. भिंत माझ्या जागेत आली, हा हद्दीचा वाद. तो मोजणीने आणि गरज पडल्यास दिवाणी कोर्टात सुटतो. भिंत त्यांच्याच जागेत आहे पण अंतर सोडलेलं नाही, हा बांधकाम परवानगीचा प्रश्न. तो महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा. दोन्ही एकाच अर्जात कालवलं की 'हद्दीचा वाद आहे, कोर्टात जा' असं उत्तर येतं आणि खरी तक्रार बाजूला पडते. म्हणून पालिकेकडे फक्त अंतराचं लिहा. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि जागेवरचं बांधकाम त्याच्याशी ताडून पाहा. परवानगीविना किंवा नकाशा सोडून केलेल्या बांधकामाला 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस देता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

हद्दीबद्दल कंपाउंडवर विसंबू नका. जुनं कंपाउंड हद्दीवरच असतं असं नाही. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा, म्हणजे जागेवर हद्द ठरवून देणाऱ्या सरकारी मोजणीचा अर्ज करा. ही मोजणी होईपर्यंत कुठल्याही 'ना हरकत' कागदावर सही नको, कितीही जवळचे असले तरी.

तुमच्या बाजूला काढलेल्या खिडकीकडेही लक्ष ठेवा. अखंड 20 वर्षं उजेड-वारा घेतला की 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क होऊ शकतो.

सांगलीकरांनी जमिनीचाही विचार करावा. काळ्या मातीत शेजारी खोल खड्डा घेतला आणि त्यात पाणी साचलं, तर तुमच्या पायाखालची माती हलू शकते. साताऱ्याच्या पावसात पत्र्याची पागोळी तुमच्या भिंतीवर पडली, तर ओल आत येणारच. काम सुरू होण्याआधी आपल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नाहीतर नंतर पडलेली भेग 'आधीचीच होती' असं ऐकून घ्यावं लागतं.