जंतुरोधक कापडाच्या मशीनचं पेटंट: तपासणीत अडकवणाऱ्या या चुका टाळा

कोविडनंतर इचलकरंजीची प्रोसेस हाऊसं आणि कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातली वर्कशॉपं जंतुरोधक फिनिशच्या मशीनमागे लागली, ते चांगलंच झालं. मँगल (द्रावणात भिजलेलं कापड रोलरमध्ये पिळणारं मशीन), जिगर (कापड रंगवायचं मशीन), ड्रायर घडवणारे हात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दुःख एवढंच, की या मशीनच्या पेटंटची फाइल माझ्या टेबलावर येते ती पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, आल्यानंतर. तोवर अर्जात काय लिहिलंय ते ठरून गेलेलं असतं. त्याच त्या चुका इतक्या फायलींत पाहिल्या, की आता लिहूनच ठेवतो.

क्लेममध्ये कापडाचं कौतुक, मशीनचा पत्ता नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. पहिला क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क मागायचा ते वाक्य, वाचावा तर त्यात ‘९९.९ टक्के जंतू मारणारं, धुतल्यावरही गुण टिकवणारं कापड तयार करणारी यंत्रणा’. पुढे टाकी, रोलर, पंप, ड्रायर यांची नुसती नावं. अर्ज मशीनचा आहे, तर तपासनीस बघणार मशीनची रचना. कुठला भाग कुठल्या भागाला कसा जोडलाय, आणि त्या जोडणीमुळे आधीच्या मशीनपेक्षा वेगळं काय घडतं, हे त्याला हवं असतं. जंतू मारतं ते चांदीचं किंवा झिंक ऑक्साइडचं रसायन. तुमचं मशीन ते रसायन कापडावर नेऊन बसवतं.

म्हणून एफईआरमध्ये डी१, म्हणजे आक्षेपासाठी पुढे केलेला पहिला जुना कागद, म्हणून जुनं रंगाईचं मशीन दाखवलेलं असतं आणि अर्जदार चिडतो: ‘अहो, ते रंगाचं आहे, आमचं जंतुरोधक आहे!’ कापडाला द्रावण पाजून पिळणारं मशीन रंग पाजतंय की चांदी, याने त्याची रचना बदलत नाही. ‘जंतुरोधक कापडासाठी’ हे शब्द फक्त वापर सांगतात. नेहमीच्या पॅडिंग मँगलमध्ये रंगाऐवजी चांदीचं द्रावण ओतलं आणि अर्ज केला, तर पेटंट कायद्याचं कलम ३ (डी) समोर येतं. माहीत असलेल्या मशीनचा नुसता वापर त्या कलमाखाली शोध ठरत नाही.

आधीची पेटंटं शोधतानाही हीच गफलत होते. नवशिके ‘अँटिमायक्रोबियल’ हा एक शब्द टाकून दहा मिनिटांत ‘असं काहीच नाही’ म्हणून मोकळे होतात. जुन्या मशीनच्या कागदांत तो शब्दच नसतो, तिथे पॅडिंग, इंप्रेग्नेशन, स्प्रे असे शब्द असतात. मी आधी पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शिरतो. डी०६बी, म्हणजे कापडावर द्रव, वायू किंवा वाफेची प्रक्रिया करणारी यंत्रं. मग डी०६एम, म्हणजे कापडावरची रासायनिक प्रक्रिया. आणि शेवटी ए०१एन, म्हणजे जंतुनाशकं. भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास आणि युरोपचं एस्पेसनेट दोन्ही फुकट आहेत. त्यात एक संध्याकाळ घालवायलाही लोक तयार नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक उदाहरण देतो. मँगलच्या रोलरवर दाब येतो तो दोन्ही टोकांना. त्यामुळे रुंद रोलर मधोमध किंचित वाकतो, मधलं कापड कमी पिळलं जातं आणि तिथे जास्त द्रावण राहतं. १०० ग्रॅम कापड पिळल्यावर १७० ग्रॅम भरलं तर पिकअप, म्हणजे कापडाने धरलेलं द्रावण, ७० टक्के झाला. लिटरला १० ग्रॅम रसायन असेल, तर किलोभर कापडावर साधारण ७ ग्रॅम बसलं. मधे ७८ टक्के आणि काठाला ६५ टक्के पिकअप आला, तर एकाच थानात रसायनाचं प्रमाण दोन तऱ्हेचं झालं. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय शोधणारा माणूस हुशारच. पण वाकण्याची भरपाई करणारा स्विमिंग रोल कित्येक दशकं वापरात आहे. तो डी१ म्हणून येणार हे धरूनच, त्याच्यापुढे तुम्ही काय केलं ते लिहा.

‘सगळं लिवून दिलं तर कोण बी बनवंल की वो’

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या मालकांची गोष्ट सांगतो. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यापुढचं नाव सांगत नाही. झिंक ऑक्साइडचे बारीक कण टाकीच्या तळाला बसतात, त्यामुळे थानाच्या सुरुवातीला कापडावर भरपूर रसायन आणि शेवटाला नावापुरतं, ही प्रोसेस हाऊसची तक्रार. आप्पांनी तिच्यावर सुंदर तोड काढली. टाकीचा तळ उतरता केला. तळातलं द्रावण पंपाने अल्ट्रासोनिक कप्प्यातून फिरवलं आणि मँगलच्या अगदी तोंडाशी, कापडाच्या पूर्ण रुंदीला, चिरा पाडलेल्या पाइपातून परत सोडलं. आणि खरी कमाल पुढेच. पंप त्यांनी मँगलच्याच शाफ्टवरून चेनने फिरवला. कापड हळू झालं की द्रावणही हळू, कापड वेगात आलं की द्रावणही वेगात. मी मशीन चालताना पाहिलं आहे. थानाच्या दोन्ही टोकांच्या कापडात फरक सापडत नव्हता.

अर्जात मात्र होतं एवढंच: एक टाकी, एक पंप, एक अल्ट्रासोनिक घटक, पिळणारे रोलर, वाळवण्याचा कक्ष. चेन नाही, चिरांचा पाइप नाही, उतरता तळ नाही. आकृतीत पंप म्हणजे एक चौकोन आणि एक बाण. विचारलं तर आप्पा म्हणाले, ‘सगळं लिवून दिलं तर उद्या कोण बी बनवंल की वो.’ अर्ज भरून देणाऱ्यानेही त्यांना अडवलं नव्हतं.

एफईआर आला. अल्ट्रासोनिक लहरींनी झिंक ऑक्साइड कापडावर बसवण्याचं काम इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात आधीच झालेलं आहे, तेव्हा त्या वाटेवरचा एक कागद डी१. फिरत्या द्रावणाचं पॅडिंग मशीन डी२. दोन्ही जोडले की आप्पांचा क्लेम तयार, म्हणून कलम २ (१) (जेए) खाली कल्पकतेचा आक्षेप. त्यावर कलम ३ (एफ): माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी शेजारी मांडली आहेत आणि प्रत्येक जण आपापलं काम स्वतंत्रपणे करतोय.

उत्तर आप्पांच्या वर्कशॉपमध्येच उभं होतं. चेनमुळे पंप आणि मँगल एकमेकांवर अवलंबून होते, स्वतंत्र नव्हतेच. ३ (एफ) ला याहून चांगलं उत्तर मिळणं कठीण. पण कलम ५९ सांगतं, की दुरुस्ती करताना मूळ कागदात नव्हतं ते आत घालता येत नाही, आणि नवा क्लेम जुन्या क्लेमच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही. चेन आकृतीत जरी नीट काढलेली असती, तरी तिचा आधार घेता आला असता. नवा अर्ज करावा म्हटलं, तर मशीन विकून ती इचलकरंजीत दिवसाढवळ्या चालत होती. दाराशी उभ्या राहिलेल्या कुणालाही चेन दिसत होती. नवेपणा तिथेच संपला. अर्ज कलम १५ खाली नामंजूर झाला.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा आहे. शोध पूर्ण उघडा करून सांगा, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क घ्या. कलम १० (४) तर म्हणतं, की तुम्हाला ठाऊक असलेली सर्वात चांगली पद्धत सांगितलीच पाहिजे. जे खरोखर झाकून ठेवता येतं, म्हणजे द्रावणाचं नेमकं मिश्रण वगैरे, त्याचा अर्जच करू नका. मशीन विकत घेणाऱ्याला पाना फिरवून जे दिसणार आहे, ते झाकायचा हट्ट धरू नका.

माझी सवय सांगतो. मसुदा लिहिण्याआधी मी मशीनपाशी जातो आणि मालकाला बाजूला ठेवून मिस्त्रींना विचारतो, ‘मामा, हा भाग काढला तर काय बिघडतं?’ एकेका भागाला हाच प्रश्न. ज्या भागावर ते ताडकन म्हणतात, ‘तो काढायचा न्हाई, त्याच्याशिवाय कापड वाया जातंय,’ त्या भागाभोवती मी लाल पेन्सिलने गोल करतो. क्लेम तिथून सुरू होतो. नंतर मसुदा आकृतीसमोर धरून मोठ्याने वाचतो. क्लेममधल्या प्रत्येक भागाला आकृतीत क्रमांक सापडला पाहिजे आणि आकृतीतल्या प्रत्येक क्रमांकाबद्दल वर्णनात किमान दोन ओळी असल्या पाहिजेत. ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत जादा फी नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला पुढच्या प्रत्येक पानाला १६० रुपये पडतात. १६० रुपये वाचवायला कुणी चेन गाळू नये.

लॅबचा अहवाल चुकीच्या गोष्टीचा

‘टेस्ट रिपोर्ट जोडलाय की!’ म्हणतात. उघडून पाहावं तर एएटीसीसी १०० (कापडावरचे जंतू मोजायची अमेरिकी पद्धत) खालची एक चाचणी, स्टॅफिलोकोकस ऑरियस ९९ टक्के कमी. चांगलं आहे, पण हे रसायनाबद्दल सांगतं. मशीनबद्दल सांगायचं तर तेच कापड, तेच रसायन, तेवढंच प्रमाण घेऊन एकदा जुन्या मँगलवर आणि एकदा तुमच्या मशीनवर चालवा. डावा काठ, मध्य, उजवा काठ, थानाची सुरुवात आणि शेवट असे तुकडे काढा. धुण्याआधी आणि २० धुण्यांनंतर तपासा. फरक दिसला तर तो मशीनचा. हा तक्ता मूळ अर्जातच घाला.

आणि एएटीसीसी १४७ चे फोटो जोडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्या चाचणीत तुकड्याभोवती जंतू न वाढलेली पट्टी बघतात. क्वाटर्नरी अमोनियम सिलेनसारखं कापडाला घट्ट बांधलं जाणारं रसायन बाहेर झिरपत नाही, म्हणून पट्टी दिसत नाही आणि चांगलं कापड फोटोत नापास वाटतं. तिथे एएटीसीसी १०० किंवा आयएसओ २०७४३ सारखी मोजणीची चाचणी लागते.

कमी शब्दांत, पण तितक्याच महाग

अर्ज भरण्याआधी प्रदर्शनात मशीन मांडणं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरवणं, विक्रीचं बिल फाडणं: तिन्ही बंद. आधी दाखवलेल्या शोधाला कलम ३१ ची सवलत आहे, पण ती मोजक्या प्रसंगांपुरती. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाचा खर्च त्या स्टॉलच्या भाड्यापेक्षा कमी असतो.

प्रोव्हिजनल भरल्यावर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन आणि क्लेम, गेलंच पाहिजे.

तपासणी आपोआप होत नाही, फॉर्म १८ भरावा लागतो. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने मिळतात, आधीच्यांना ४८ होते. जुन्या आठवणीवर विसंबलेल्यांचे अर्ज मागे घेतले असं धरलं जातं.

मशीन, पद्धत, रसायन आणि वर मास्क, असं सगळं एका अर्जात कोंबू नका. कलम १० (५) एकच कल्पना मागतं.

कडुनिंब, तुळस, हळद क्लेममध्ये घालायची हौस आवरा. १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेलं हळदीचं पेटंट सीएसआयआर या भारतीय सरकारी संशोधन संस्थेच्या हरकतीवर १९९७ मध्ये रद्द झालं, आणि आपल्याकडे कलम ३ (पी) पारंपरिक ज्ञानाला पेटंट देत नाही. शिवाय राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं काम मागे लागतं. मशीनच्या अर्जात वनस्पतीची गरजच काय?

‘पब्लिश झालं’ म्हणजे मिळालं नाही

घाई करणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं. फॉर्म ९ भरला की साधारण महिनाभरात अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतो, एरवी १८ महिन्यांनी येतो. लगेच पेढे, चौकात फ्लेक्स, बायोडेटामध्ये ‘पेटंटधारक’. प्राध्यापक मंडळींतही हे पाहून जीव तुटतो, कारण विद्यार्थी हेच शिकतात. छापून येण्यासाठी कुणी अर्जाची गुणवत्ता तपासत नाही. मंजूर नसलेल्या पेटंटचा दावा करणं कलम १२० खाली दंडाला पात्र आहे, आणि आता तो दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लवकर छापल्याने तुमचाच अर्ज तुमच्या पुढच्या सुधारणेच्या आड येतो, ते वेगळंच. खरंच लवकर निकाल हवा असेल तर स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदारांसाठी फॉर्म १८ए ची जलद तपासणी आहे. पण मसुदा पक्का असेल तरच. कच्चा मसुदा लवकर तपासला की लवकर पडतो.

एफईआरला उत्तर देताना

उत्तराला सहा महिने मिळतात. ते संपण्याआधी फॉर्म ४ भरला तर आणखी तीन. उत्तर गेलं नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं मानतात. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौथ्या महिन्याची तारीख लाल असते, सहाव्याची नाही. शेवटच्या आठवड्यात मिस्त्री गावाला गेलेले असतात आणि लॅब रिपोर्ट देत नाही.

डी१, डी२ ची फक्त सारांशाची पानं वाचून उत्तर लिहू नका. आकृत्यांसह पूर्ण वाचा. मी दोन रकाने करतो: डाव्या बाजूला आमच्या क्लेममधला एकेक भाग, उजव्या बाजूला डी१ मध्ये तो कुठल्या परिच्छेदात आहे. उजवीकडची जी जागा रिकामी राहते, तिच्यावरच उत्तर उभं करायचं. ‘तपासनिसांना तंत्र समजलं नाही’ असलं वाक्य माझ्या कार्यालयातून जात नाही. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयात जमा होतात, पण तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरातलाही असतो. त्याने तुमचं मशीन पाहिलेलं नाही. त्याच्यापुढे फक्त तुमचे कागद आहेत.

हिअरिंग व्हिडिओवर होते. समोर रंगवलेली आकृती ठेवा आणि मालकांसोबत मिस्त्रींनाही बसवा. लेखी म्हणणं द्यायला त्यानंतर १५ दिवस मिळतात, पण बोलणं ताजं असताना त्याच संध्याकाळी मसुदा करा. दुरुस्त क्लेमच्या दोन प्रती जोडा, एक बदल खुणा करून दाखवलेली आणि एक स्वच्छ. प्रत्येक बदलापुढे मूळ अर्जातला पान आणि ओळ क्रमांक लिहा.