तव्यावरचा पिझ्झा, तोही कमी खर्चात

घरी पिझ्झा करताना पैसे वाचवायचे असतील तर पैसे घालायचे ते फक्त चीजवर, बाकी सगळं घरात नाहीतर मंडईत स्वस्तात जमतं. विकतचा तयार बेस तर घेऊच नका हो, कोरडा लागतो आणि तेवढ्या पैशात घरी जास्त होतात.

पाव किलो मैद्यात आठ इंची दोन पिझ्झे होतात. त्याला एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, तेवढीच साखर, पाऊण चमचा मीठ, साधारण १५० मिली पाणी आणि शेवटी एक मोठा चमचा तेल. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं, हाताला चिकटलं तरी वरून मैदा घालत बसायचं नाही, दहा मिनिटं रेटून मळलं की आपोआप सुटतं.

आता पाण्याचं नीट ऐका. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून चटका बसेल इतकं गरम येतं, त्यात यीस्ट मरतं, म्हणून माठातलं पाणी घ्या. उन्हाळ्यात पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, थंडीत कोमट पाणी घेऊन दीड तास तरी लागतो. फुगलं की बोटाने दाबून बघा, खड्डा हळूहळू भरत आला की पीठ तयार.

सॉससाठी संध्याकाळी उशिरा लक्ष्मी मंडईत चक्कर मारा, मऊ पडलेले लालबुंद टोमॅटो तेव्हा कमी भावात देऊन टाकतात आणि सॉसला तेच चांगले. तेलात भरपूर लसूण, मग किसलेले अर्धा किलो टोमॅटो, तिखट, मीठ, चिमूटभर साखर, आणि तेल सुटेपर्यंत आटवायचं, पातळ राहिला तर बेस भिजतो. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा हातावर चुरून टाका, वास बराच जवळ जातो.

चीज मोझरेलाच, तेही अख्खी वीट, कारण किसलेल्या पाकिटात चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो. नुसत्या प्रोसेस्ड चीजला तार येत नाही, पण दोन पिझ्झ्यांना मिळून १०० ग्रॅम मोझरेला आणि एक क्यूब प्रोसेस्ड घातलं तर चवही येते आणि कमी चीजमध्ये भागतं. उरलेली वीट किसून फ्रीझरला.

ओव्हन लागत नाही. मीठ घालून कढई तापवायची पद्धत पण आहे, पण त्यात गॅस फार जातो, मला बिडाचा तवाच पटतो. हाताने पसरलेला बेस तेल लावलेल्या तव्यावर मध्यम आचेवर टाका, खालून तपकिरी ठिपके आले की उलटा, गॅस बारीक करा, आणि भाजलेल्या बाजूवर सॉस, पातळ चिरलेला कांदा, सिमला मिरची, चीज. घट्ट झाकण ठेवून पाच-सात मिनिटं, चीज वितळलं की उतरवा. शेंगा चटणी मात्र उतरवल्यावरच भुरभुरायची, झाकणाच्या वाफेत ती ओली होते.

एकच पिझ्झा करायचा असेल तर उरलेला गोळा तेल लावून डब्यात घाला आणि लगेच फ्रिजला, उन्हाळ्यात बाहेर राहिला तर आंबट होतो. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी काढून ठेवा, नाहीतर ताणताना आक्रसतो.