भाव पडला आणि शेड भरलेली: पक्षी विकायचे की थांबायचे?

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना पसरतो अशी अफवा उठली आणि ब्रॉयलरचा (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचा) शेतावरचा भाव काही भागांत किलोला २० रुपयांच्याही खाली गेला. उत्पादन खर्च सत्तरच्या घरात होता. अनेकांनी ‘भाव येईल’ म्हणून पक्षी धरून ठेवले आणि तोटा वाढवून घेतला.

पिल्लू, औषध आणि आजवरचे खाद्य यांवर गेलेला पैसा हिशेबात धरू नका. तो काहीही केले तरी परत येणार नाही. हिशेब आजपासून मांडा. २.२ किलोचा पक्षी दिवसाला साधारण २०० ग्रॅम फिनिशर (शेवटच्या टप्प्यातले खाद्य) खातो आणि ९० ग्रॅम वाढतो. खाद्य ४० रुपये किलो असेल तर रोजचा खर्च ८ रुपये. भाव ६० असताना वाढलेल्या वजनाचे मिळतात ५ रुपये ४० पैसे. म्हणजे हजार पक्ष्यांमागे रोज २,६०० रुपये तोटा. पाच दिवस थांबायचे तर भाव ६५ च्या आसपास गेल्याशिवाय बरोबरीही होत नाही, आणि यात मरतूक धरलेलीच नाही. एप्रिलच्या उन्हात अडीच किलोचे पक्षी प्रत्येकी एक चौरस फुटाच्या जागेत ठेवले तर दुपारी धापा टाकून मरतात. थांबणे भागच असेल तर आधी मोठे पक्षी काढून गर्दी कमी करा, दुपारी खाद्य उचला, पाणी गार ठेवा.

खाद्य सरसकट निम्मे करू नका. दांडगे पक्षी खातात, दुबळे मागे पडतात. मग लॉट एकसारखा राहत नाही आणि व्यापारी आणखी भाव पाडतो.

दहा दिवसांची पिल्ले घाईने गाडू नका. त्यांना २.१ किलोपर्यंत न्यायला प्रत्येकी अजून सुमारे ३.१ किलो खाद्य, म्हणजे १२५ रुपये लागतील. महिन्याने ६० च्या वर भाव मिळण्याची शक्यता असेल तर वाढवा. घबराटीत हॅचरी (पिल्ले उबवणारी केंद्रे) उबवायला अंडी कमी ठेवतात. २१ दिवस उबवण आणि सहा आठवडे वाढ धरली तर दोनेक महिन्यांनी बाजारात पक्षी कमी पडतो आणि भाव चढतो. २०२० मध्येही भाव पुढे असाच वर आला. म्हणून पुढची बॅच पूर्ण रद्द करण्यापेक्षा अर्धी टाका.

अंड्यांच्या कोंबड्यांत ७२ आठवडे वयापुढच्या आधी काढा; रोज ११० ग्रॅम खाद्य खाऊन त्या अंडी कमी देतात.

कंपनीची पिल्ले कराराने वाढवत असाल तर तयार पक्ष्यांची उचल किती दिवसांत होणार आणि उशीर झाल्यास जादा खाद्याचा भार कोणावर, हे करारात लिहून घ्या. फोनवरचा शब्द हिशेबाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

बँकेत हप्ता थकण्याआधीच अर्ज द्या, पण हप्ता लांबला की व्याजही थांबते असे समजू नका. २०२० च्या सवलतीत हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे गेले, व्याज मात्र चढतच होते.