बोरच्या पॅकरचा एफईआर आला, उत्तर कसं द्यायचं?

मेल उघडला की लगेच आक्षेप वाचत बसू नका. आधी अहवालावरची तारीख बघा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा महिने मोजून खूण करा. पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल, ज्याला आम्ही सगळे एफईआर म्हणतो, निघाल्यापासून सहा महिन्यांत उत्तर गेलं नाही तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो. फॉर्म ४ भरून, फी देऊन तीन महिने वाढवून मिळतात, पण ती मागणीसुद्धा सहा महिने संपायच्या आत करावी लागते. कापसाच्या हंगामात अहवाल आला की आमच्याकडचा माणूस म्हणतो, "पाहू ना ताई, माल त निघू द्या." माल निघतो, आणि तारीखही निघून जाते.

मी नोंदणीकृत पेटंट एजंट आहे, पांढरकवड्याला बसते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण वेल्डर, मोटर रिवाइंडिंगवाले, नाहीतर बोरगाडीवर हयात काढलेले. त्यातल्या एका भाऊंच्या अर्जाला धरून हे लिहिते आहे. अर्ज प्रकाशित झालेला आहे, त्यामुळे यंत्राबद्दल बोलायला हरकत नाही. माणसाचं नाव मात्र सांगणार नाही.

यंत्र असं. साडेसहा इंची बोर, त्यात दोन झरे. खालच्या झऱ्याच्या पाण्यात फ्लोराइड, वरचं पाणी बरं. केळापूर, झरी भागातल्या लोकांना फ्लोराइड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, दातांवर दिसतं. दोन झऱ्यांच्या मधे रबरी पॅकर उतरवायचा, नळीतून पाणी दाबून तो फुगवायचा, म्हणजे तो खडकाला चिकटतो आणि खालचं पाणी खालीच राहतं. रबराच्या वरच्या टोकाला लोखंडी कॉलर आणि कॉलरमध्ये तीन झडपा: एक ठरावीक दाबाला उघडून पाणी आत घेणारी, दुसरी ते परत जाऊ न देणारी, आणि तिसरी जास्तीचा दाब बाहेर सोडणारी.

भाऊंचं सगळं प्रेम रबरावर होतं. कोणतं रबर, किती थर, आत कोणता धागा. परीक्षकाला त्यात काडीचाही रस नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. फुगणारे पॅकर तेलविहिरींत कित्येक दशकं वापरात आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र जागाच आहे: ई२१बी ३३/१२७, म्हणजे फुगणाऱ्या बाहीचे (नळीवरच्या रबरी आवरणाचे) पॅकर. विहिरीतल्या झडपांसाठी ई२१बी ३४. हे दोन क्रमांक एस्पासनेट या पेटंट शोधायच्या साइटवर किंवा गुगल पेटंट्सवर, रोमन लिपीत, टाकून बघा, फुकट आहे. अर्ज करण्याआधी बघितलं तर उत्तमच, पण एफईआर आल्यावर तर बघायलाच हवं. नेटचा कंटाळा असेल तर नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथं जाऊन विचारा. आपला अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो, पण माहितीसाठी मुंबई गाठायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट परीक्षकाच्या आधी तुमच्या लक्षात यायला हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जलभंजनाच्या गाड्या कोरड्या पडलेल्या बोरमध्ये पॅकर बसवून त्याच्याखाली दाबाने पाणी सोडतात. गावागावांत लोकांनी ते उभं राहून बघितलं आहे. आपल्या कायद्यात नवीन असणं म्हणजे जगात कुठंही छापलेलं नसणं आणि वापरात नसणं. तेव्हा "बोरमध्ये फुगणारा पॅकर मी पहिल्यांदा केला" हे वाक्य उत्तरात लिहूच नका. ते खोटं ठरतं, आणि मग पुढच्या खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता अहवाल वाचायला घ्या. परीक्षकाने जुनी कागदपत्रं डी१, डी२ अशी नावं देऊन मांडलेली असतात. ती पूर्ण डाउनलोड करून घ्या. परीक्षकाने उचललेले परिच्छेद तेवढे वाचून भागत नाही. मग वहीच्या जोडपानावर तुमचा पहिला दावा, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला ते वाक्य, तोडून लिहा, एका ओळीत एक भाग: मधली नळी, रबराची बाही, कॉलर, आत घेणारी झडप, एकतर्फी झडप, सोडणारी झडप, आणि प्रत्येक झडप कशाशी जोडलेली आहे. शेजारच्या रकान्यात डी१मध्ये तो भाग कुठे आहे ते परिच्छेदासकट. सापडला तर प्रामाणिकपणे "आहे" लिहा. भाऊंच्या वहीत पहिल्या पाच ओळींसमोर "आहे" आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मंग माह्यं काय रायलं?" सहाव्या ओळीत राहिलं होतं.

डी१ तेलविहिरीचा पॅकर होता. त्यालाही तीन झडपा. पण त्याची तिसरी झडप बाही ठरलेल्या दाबाला भरली की बंद होते आणि कायमची अडकते, पुन्हा उघडत नाही. तिथे ते बरोबरच आहे. केसिंगच्या (विहिरीत घातलेल्या पाइपच्या) बाहेर एकदा बसवलेला पॅकर पुन्हा सैल होणं म्हणजे संकट. भाऊंची झडप अडकत नाही. तिच्या मागच्या अंगाला एक छिद्र आहे आणि ते पॅकरच्या वरच्या बोरच्या पाण्यात उघडतं. म्हणजे ती बाहीतला दाब आणि बाहेरच्या पाण्याचा दाब यांतला फरक बघते, आणि फरक हद्दीबाहेर गेला तरच थोडं पाणी सोडते.

याची गरज का पडली, हे उत्तरात आकड्यांनी लिहा. परीक्षकाला आपल्या बोरमधला उन्हाळा माहीत असेलच असं नाही. समजा पॅकर ७० मीटरवर आहे. दिवाळीला पाणी १० मीटरवर, मे महिन्यात ६० मीटरवर. दहा मीटर पाण्याला साधारण एक किलो दाब धरला तर बाहेरून रबराला मिळणारा टेकू पाच किलोने कमी झाला. आतला दाब मात्र तेवढाच, कारण एकतर्फी झडप त्याला जाऊ देत नाही. कॉलरजवळ, जिथं रबराला खडकाचा आधार नसतो, तिथं बाही फुगते आणि फाटते. सोडणारी झडप हाच पाच किलोंचा हिशेब सांभाळते. पावसाळ्यात पाणी चढलं की वरून पंप मारून पुन्हा भर घालायची.

इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या, म्हणजे "हे तर कुणालाही सुचलं असतं" या, आक्षेपाला खरं उत्तर हे आहे. कायदा विचारतो की तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व आहे का, आणि त्या कामातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचली असती का. डी१ वाचणारा जाणकार अडकणारी झडप काढून टाकणार नाही, कारण डी१चा सगळा जीव त्या अडकण्यात आहे. "डी१ आणि डी२ आमच्यापेक्षा वेगळे आहेत" एवढंच लिहून गप्प बसणारी उत्तरं मी पाहिली आहेत. ती पाठवली काय, न पाठवली काय, सारखंच.

मग दावा आवळा. भाऊंचा मूळ दावा होता, "झडपा असलेला फुगणारा पॅकर". नवा दावा साधारण असा झाला: "…ज्यात सोडणाऱ्या झडपेची एक बाजू बाहीच्या आतल्या पाण्याशी आणि दुसरी बाजू पॅकरच्या वरच्या बोरमधील पाण्याशी जोडलेली असून, दोन्हींमधील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच ती उघडते व फरक कमी होताच पुन्हा बंद होते." भाऊंना वाटलं आपण अर्धं शेत विकलं. पण राहिलेलं अर्धं सातबाऱ्यासकट त्यांचं आहे.

एक कडक अट. कलम ५९ प्रमाणे दुरुस्तीत नवीन माल, म्हणजे मूळ कागदांत नसलेली गोष्ट, घालता येत नाही, आणि दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या हद्दीतच बसला पाहिजे. ते मागचं छिद्र पहिल्या दिवशी दाखल केलेल्या वर्णनात आणि चित्रात होतं, म्हणून निभावलं. तुमच्या चित्रात नसेल तर आता काढून उपयोग नाही. म्हणून ज्यांचा अर्ज अजून व्हायचा आहे त्यांना सांगते: रबराची स्तुती दोन ओळींत उरका आणि कॉलर उभी कापून मोठी काढा, प्रत्येक वाट, प्रत्येक स्प्रिंग क्रमांक घालून. कागद हिंदी किंवा इंग्रजीतच लागतात, मराठी चालत नाही. तरी आधी मराठीत सांगून घ्या, भाषांतर नंतर.

कलम तीन-एफचा आक्षेप झडपांच्या यंत्राला हमखास येतो: माहीत असलेली साधनं शेजारी शेजारी मांडली, प्रत्येक आपापलं जुनंच काम करते. इथं झडपा एकमेकींवर अवलंबून आहेत हे दाखवा. आत घेणारी किती दाबाला उघडते, सोडणारी किती फरकाला, आणि पहिलीचा आकडा बदलला तर तिसरीचा का बदलावा लागतो. पद्धतीचा दावा असेल तर त्यात "शेतीला पाणी देण्याची पद्धत" असं लिहू नका. शेतीची पद्धत तीन-एचखाली पेटंटबाहेर आहे. "बोरमधील थर वेगळे करण्याची पद्धत" लिहा, तेच तर यंत्र करतं. "योग्य दाब", "मजबूत रबर" असले मोघम शब्दही काढून टाका.

प्रदर्शनाचं थोडक्यात. अर्जाआधी यंत्र कृषी प्रदर्शनात ठेवलं किंवा यूट्यूबवर टाकलं, तर ते तुमच्याच विरुद्ध पुरावा होतं. सूट फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना, तीही बारा महिन्यांची. उघड्यावर चाचणी घ्यावीच लागते अशा यंत्राला कलम ३२ मध्ये वर्षभराची वेगळी सवलत आहे, आणि बोर काही घरात नेता येत नाही; पण ती केवळ चाचणी होती, विक्री नव्हती, हे दाखवता आलं पाहिजे. शेजाऱ्याकडून पैसे घेऊन बसवून दिला असेल तर एजंटला आधी सांगा.

उत्तरासोबत दाव्यांच्या दोन प्रती जोडा, एक बदल दिसतील अशी खुणांची आणि एक स्वच्छ. अहवालाच्या शेवटी फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती), फॉर्म २६ (एजंटचं अधिकारपत्र) असल्यांच्या औपचारिक त्रुटी असतात, त्यांनाही एकेक ओळीचं उत्तर द्या. एवढ्यावर कंट्रोलरचं, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचं, समाधान झालं नाही तर सुनावणी लागते, व्हिडिओवर होते. गावात रेंज नसेल तर तालुक्याला येऊन बसा. भाऊंना मी कापलेली कॉलर घेऊन यायला सांगितलं होतं; झडप कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवली की बोलणं निम्म्याने कमी होतं. सुनावणीत जे बोललात ते पंधरा दिवसांत लेखी द्यायचं असतं, ते विसरू नका. अर्ज नामंजूर झाला तर अपील उच्च न्यायालयात.

मंजूर झाला तर तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी, जेवढी वर्षं परीक्षणात गेली त्या सगळ्यांची मिळून, नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावी लागते. कॅलेंडरवर तीही खूण करून ठेवा.