तणनाशकाचा पंप विहिरीवर धुवू नका

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की आपल्या नागपूर जिल्ह्यात सगळ्यांच्या पाठीवर एकदमच पंप चढतो. धुऱ्यावरचे (बांधावरचे) गाजरगवत कमरेला लागलेले असते, निंदणाला मजूर मिळत नाही, म्हणून तणनाशक. ते मी समजू शकतो. पण फवारणी संपली की माणूस पंप घेऊन सरळ विहिरीवर जातो, दोन बादल्या ओढतो, पंप खळखळून धुतो आणि धुवण तिथेच काठावर ओततो. सध्या विहिरी तुडुंब आहेत. काठावर ओतलेले आत झिरपायला कितीसा वेळ लागणार?

त्यातही २,४-डी हे रुंद पानांच्या तणावरचे तणनाशक असेल तर हात जोडून सांगतो, विहिरीच्या जवळपासही फिरकू नका. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, याचा वारासुद्धा सोसत नाही. पाने आक्रसून बोटांसारखी लांबुळकी होतात, शिरा उठून दिसतात, पात्या (फुलकळ्या) गळतात. शेतकऱ्याला वाटते व्हायरस आला. तो पान घेऊन कृषी केंद्रात जातो आणि टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, शिवाय एक महागडे बुरशीनाशक घेऊन परततो. काटोलकडच्या एका शेतात मी हेच पाहिले. धुऱ्यावर मारलेला पंप नुसता विसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपाने पऱ्हाटीवर तुडतुड्यांचे औषध मारले. जिथून फवारणी सुरू केली तिथल्या ओळी सर्वांत वाईट, पुढे पुढे कमी. ही पंपाची खूण. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आले असेल तर एका बाजूच्या ओळी जास्त वाकड्या होतात. आणि ठिबकवरचा सगळा प्लॉट सारखाच वाकडा दिसला तर विहिरीवर संशय घ्या. तिन्ही वेळा टॉनिकचे पैसे पाण्यात.

‘इतक्याशाने काय होते’ असे म्हणणाऱ्यांनी संत्र्याची फळगळ आठवावी. ती थांबवायला हेच २,४-डी वापरतात, आणि शिफारस आहे १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम. दीड ग्रॅम! तेवढ्यावर फळ देठाला धरून राहते. मग पंपाच्या बुडाशी, नळीत, नोझलमध्ये राहिलेला घोट पऱ्हाटीला पुरेसा आहे.

म्हणून असे करा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्याला लाल रंग मारा. दुसरा घेणे परवडत नसेल तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घ्या, टॉनिकच्या दोन बाटल्यांपेक्षा तो कामाचा. पाणी ड्रममध्ये आणून धुऱ्यावरच मिश्रण करा, पंप विहिरीपाशी नेऊच नका. रिकामी बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी त्याच पंपात टाका. पंपही नळी-नोझलसकट तीनदा धुवा आणि धुवण त्याच धुऱ्यावर फवारून संपवा. शेवटी मी धुण्याचा सोडा दोन मुठी टाकून पंप रात्रभर भरून ठेवतो. ही माझी पद्धत आहे, शिफारस नाही. तरीही तो पंप पऱ्हाटीवर नेत नाही. बाटल्या फोडून वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर पुरा. कीटकनाशक नियम १९७१ मध्येच हे लिहिले आहे.

एस्टर प्रकारचे २,४-डी उन्हात वाफ होऊन उडते. शेजारी पऱ्हाटी, सोयाबीन किंवा तूर असेल तर ते हातातच घेऊ नका. आभाळ भरले असेल तर कोणतेच तणनाशक नको. नाल्यात उतरलेले पाणी पुढच्या गावची जनावरे पितात. नाग नदीत शहराची घाण येते, ती कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोसेखुर्द धरणाला जाते, म्हणून आपण शहराला बोल लावतो. तो रास्तच आहे. पण नाल्यातली आपली बाटलीही त्याच वाटेने जाते.

पऱ्हाटी वाकडी झालीच असेल तर वाकडे शेंडे वीतभर खुडा आणि २ टक्के युरिया फवारा, म्हणजे १०० लिटरला २ किलो. नवी फूट सरळ आली तर झाड वाचले. याला उतारा म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

बाकी कामे:
– वाफसा येताच (जमीन कामाजोगी सुकताच) डवरणी, म्हणजे कोळपणी, नत्राचा राहिलेला हप्ता
– कपाशीत एकरी २ कामगंध सापळे (वासाने पतंग पकडणारे), ५ टक्के निंबोळी अर्क
– सोयाबीनमध्ये चर काढणे, चक्रीभुंगा लागलेली पाने तोडून नष्ट करणे
– तुरीचे शेंडे खुडणे
– संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचू न देणे

विहिरीचा संशय असेल तर आज संध्याकाळीच दोन कुंड्यांत टोमॅटोची रोपे लावा. एकीला विहिरीचे पाणी, दुसरीला घरच्या नळाचे. आठवडाभर पाहा. विहिरीच्या पाण्यावरची पाने मुरडली तर ते पाणी पऱ्हाटीला, संत्र्याला आणि भाजीला देणे लगेच थांबवा, पिण्यासाठी तर भरूच नका, आणि नमुना प्रयोगशाळेत द्या.