साहेब म्हणाले 'गड्ड्याच्या सुट्टीत उरकून टाका'

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्यांचं ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतो मी. त्याचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर न्यायचं निघालं, तेव्हा साहेब म्हणाले, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत उरकून टाका. नवीन पोरं आली की विचारतात, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ वरून ८.० वर जायला एवढं काय घाबरायचं? ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मधे ८.० चा मुक्काम करावाच लागतो, म्हणजे जायचं तर आहेच. पण डेटा डिरेक्टरी, म्हणजे डेटाच्या फाइलींचं फोल्डर, एकदा ८.० नं अपग्रेड केली की ती ५.७ ला परत चालत नाही. मागं फिरायचं तर जुना बॅकअप रिस्टोअर करणं हाच रस्ता, आणि मधल्या वेळात झालेल्या एन्ट्र्या गेल्या.

म्हणून 'बॅकअप आहे की' म्हणून गप बसू नका. वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि घड्याळ लावून बघा, डंप, म्हणजे बॅकअपची फाइल, लवकर निघते पण ती परत भरताना इंडेक्स (डेटा पटकन शोधायच्या सूच्या) नव्यानं बांधायचे असतात, तिथं खरा वेळ जातो.

रिस्टोअरला किती वेळ लागतो तो आकडा हातात असला की साहेबांना 'नाही' म्हणायची गरजच पडत नाही. साधा मेल टाका: रात्री १० ला सुरू, २ पर्यंत नव्यावर डिलिव्हरी चलन निघालं नाही तर मागं फिरणार कारण रिस्टोअरला ४ तास लागतात आणि ७ ला गेटवर ट्रक लागतात, मंजूर असेल तर कळवा. आता मंजुरीवर सही साहेबांची होणार म्हटल्यावर ते स्वतःच विचारतात, 'दोन दिवस पुढं ढकलायचं का रे?'

त्या वेगळ्या मशीनवर अपग्रेडची रंगीत तालीम मात्र चुकवू नका. रँक नावाचा कॉलम असेल तर क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) फुटते, कारण ८.० मध्ये तो राखीव शब्द आहे, म्हणजे डेटाबेसनं स्वतःसाठी ठेवलेला. ते बरं, एरर तरी येते. आमच्या पॅकिंग लिस्टला एररच नव्हती, फक्त कार्टन नंबर उलटेसुलटे, ग्रुप बाय (ओळींचे गट करायची आज्ञा) दिलं की ५.७ आपोआप क्रम लावायचा, ८.० लावत नाही, ऑर्डर बाय आपणच लिहायचं. हे डेव्हलपरला दिसलंच नाही बघा, डिस्पॅचच्या मामांनी कागद हातात घेतल्या घेतल्या सांगितलं. त्यामुळं त्या रात्री मामांना शेजारी बसवा, आणि त्यांच्या ओव्हरटाइमची मंजुरी त्याच मेलमध्ये घेऊन टाका, नंतर कोण देत नाही.